जे गाडीत उरलं नाही, त्याची वाटणी

मी, लेनर्ड स्टॅनिस्लॉस कुबासिक, वय वर्षे त्र्याऐंशी, पूर्वी मोटार कारखान्यात नोकरी आणि आता काही नाही, राहणार पॉन्टिअ‍ॅक, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पुरत्या शुद्धीत आणि मानगुटीवर कोणीही बसलेलं नसताना लिहीत आहे. गोळ्या चालू आहेत त्या रक्तदाबाच्या, डोक्याच्या नाहीत.

आजचा दिवस मी मुद्दाम निवडला आहे. हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला असल्यामुळे आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष ऑर्व्हिल हच हे महिनाअखेरपर्यंत उत्तरेकडच्या जंगलात झाडावर मचाण बांधून बसलेले असतील. ते गावात असते तर माझ्या खांद्यावरून वाकून हे वाचत उभे राहिले असते. माझ्यामागे माझी गाडी क्लबच्या संग्रहालयाला मिळेल असं ते धरून चालले आहेत. त्यात त्यांची चूक नाही. माझ्या आधीच्या मृत्युपत्रात तसंच लिहिलं होतं आणि ते लिहिताना मला कुणाचीही आठवण झाली नव्हती. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

कलम १. माझी माणसं. माझी पत्नी आयरीन आठ वर्षांपूर्वी वारली. आम्हाला मूलबाळ नाही. माझा एकच भाऊ, डॅनियल, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. त्याला सगळे डेनी म्हणत. तो पावाची गाडी चालवायचा. १९७१ च्या मार्चमध्ये गोठलेल्या सेंट क्लेअर सरोवरावर मासे धरायला गेला असताना बर्फ फुटून तो बुडाला. त्याची मुलगी रोंडा तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या आईने पुढे दुसरं लग्न केलं आणि पोरीला घेऊन ती टोलेडोला, म्हणजे ओहायोत राहायला गेली. मिशिगनच्या माणसाला ओहायो काय वाटतं ते कायदेशीर कागदावर लिहिण्यासारखं नाही, पण रोंडाचा त्यात दोष नव्हता. ती तिथे शाळेची बस चालवते. मला रक्ताचं म्हणावं असं तेवढंच माणूस आहे.

कलम २. घर. पूर्वेस मार्विन टेट यांचं घर, पश्चिमेस जळून गेलेल्या घराची मोकळी जागा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस गल्ली आणि माझं गॅरेज, अशा चतुःसीमेतलं राहतं घर विकावं. निम्मे पैसे रोंडाला द्यावेत. उरलेले निम्मे आयरीन जिथे दर शुक्रवारी पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, वळायला जायची त्या चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावेत. त्यांची शेगडी बदलायला झाली आहे, हे ती जाईपर्यंत सांगत होती आणि मी "बघू" म्हणत होतो. बँकेत जे आहे ते मला पुरायला पुरेल. पेटी साधी आणावी.

कलम ३. हत्यारं. सर्व पाने, जॅक, वेल्डिंगचं सामान आणि रंगाचा पंप शेजारी मार्विन टेट यांना द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तेच करतील. निम्मी हत्यारं तशीही त्यांच्याच गॅरेजमध्ये आहेत, तेव्हा त्यांना फार ओझं उचलावं लागणार नाही. मात्र वरच्या फळीवर पिवळ्या खडूंचा एक पत्र्याचा डबा आहे, तो कुणालाही देऊ नये. कचऱ्यात टाकावा. का, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम ४. गाडी. पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, सन १९६६, दोन दारांची, रंग हिरवट निळा, चार गिअर. ही गाडी मी रोंडाला देत आहे. अट कोणतीही नाही. तिने चालवावी, विकावी, ओहायोत न्यावी, कुणी हटकू नये.

मिळकतीची ओळख पटावी म्हणून तिचं कूळ नोंदवतो. १९६४ साली टेम्पेस्ट नावाच्या मध्यम चणीच्या गाडीत थोरल्या गाडीचं इंजिन बसवलं आणि ही जात जन्माला आली. पहिली दोन वर्षं जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हतीच, टेम्पेस्ट लमान्स घेताना वर पैसे भरून मागवायचं ते सामान होतं. १९६६ ला तिला स्वतःचं घराणं मिळालं, मागच्या दिव्यांवर आडव्या पट्ट्या आल्या, आणि त्याच वर्षी ती सर्वांत जास्त खपली. तीन कार्बोरेटरची जोडणी मिळायचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या साली ३८९ घनइंचांचं इंजिन जाऊन ४०० चं आलं. १९६८ ला अंग गोलसर झालं आणि नाक असं बसवलं की धक्का खाऊन पुन्हा जागेवर यावं. १९६९ ला जज नावाची आली, भडक पट्ट्यांची, शेपटावर पंख लावलेली. मग विम्याचे दर वाढले, धुराचे कायदे आले, पेट्रोल महागलं, आणि १९७४ ला एका लहानखुऱ्या गाडीच्या अंगावर हे नाव चिकटवून त्यांनी तिला निजवलं. तीस वर्षांनी ऑस्ट्रेलियातून आणलेल्या गाडीला पुन्हा तेच नाव दिलं, त्याबद्दल मी मेल्यावरही बोलणार नाही. आता पॉन्टिअ‍ॅक नावाची गाडी निघत नाही, गाव तेवढं उरलं आहे.

हे सगळं मी एका दमात, काही न पाहता लिहिलं. माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला एका दमात चार वाक्यं सांगता येत नाहीत. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण हे मृत्युपत्र पुन्हा लिहिण्याचं कारण तेच आहे.

कलम ५. या कलमाने मी कुणाला काही देत नाही. फक्त काय झालं ते लिहून ठेवतो.

डेनी गेला तेव्हा गाडी त्याच्या दारात उभी होती. मी ती माझ्या गॅरेजमध्ये आणली, वर ताडपत्री टाकली आणि तिला हात लावला नाही. दर जुलैत रोंडा पंधरा दिवस आमच्याकडे राहायला यायची आणि बहुतेक वेळ त्या गाडीतच असायची. ताडपत्री उचलून आत शिरायची, बापाच्या जागेवर बसायची आणि स्टिअरिंगचं चक्र फिरवायची. आयरीन तिचं जेवण खिडकीतून आत द्यायची. "पोरीला बाहेर काढ, हवा लागू दे," मी म्हणायचो. "असू दे, ती घरीच आहे," आयरीन म्हणायची. मोठी झाली, लग्न झालं, मोडलं, तरी आली की आधी गॅरेजमध्ये जायची. घरात नंतर.

आयरीन गेल्यावर हाताला काम हवं होतं म्हणून मी गाडी उघडली. सहा वर्षं लागली. क्लबची रीत अशी की गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या क्षणी जशी होती, हुबेहूब तशी करायची. स्पर्धेत परीक्षक विजेरी आणि काठीला बांधलेला आरसा घेऊन खाली झोपतात. कारखान्यानंतर गाडीला जे जे झालं असेल, त्याचे गुण कापले जातात. कारखान्यात जे झालं असेल, मग ती चूक का असेना, त्याचे गुण मिळतात. त्या वेळी घाईत रंगाचा ओघळ आला असेल तर तो ओघळसुद्धा पुन्हा काढावा लागतो. लाइनवरचे कामगार नट आवळला की त्यावर पिवळ्या खडूने खूण करायचे. त्या खुणाही काढाव्या लागतात.

त्या खुणा कशा असायच्या हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. १९६६ साली मागच्या आसावर ती खूण करायला मीच उभा असे. ही गाडी माझ्या हाताखालून गेली की दुसऱ्या पाळीत निघाली, देव जाणे. मी खाली झोपलो आणि तरुणपणी करायचो तशीच तिरकी रेघ तिच्यावर ओढली. परीक्षक म्हणाले, अशी अस्सल खूण आम्ही आजवर पाहिली नाही.

म्हणजे मी माझ्या भावाच्या गाडीवरून माझा भाऊ खरवडून काढला आणि त्या जागी स्वतःला बसवलं. त्या वेळी मला हे दिसलं नाही, हे माझं म्हणणं. आयरीन असती तर तिला पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

डेनीने गाडी मरून रंगाची करून घेतली होती. तो रंग घासताना महिनाभर मी तांबडी धूळ खोकत होतो. रोज संध्याकाळी ती झाडून कचऱ्याच्या डब्यात भरत होतो. सीटचं जुनं रेक्झिन ब्लेडने कापून काढलं आणि मंगळवारच्या कचऱ्याला रस्त्यावर ठेवलं. हे सगळं रोंडासाठी चाललंय असं मी सगळ्यांना सांगायचो. ते अर्धंच खरं. तिला विचारायला एक फोन पुरला असता. टोलेडोला फोन लागतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते त्या सकाळी मी तिला बोलावलं आणि ताडपत्री ओढली. ऑर्व्हिल आणि आणखी दोघं टाळ्या वाजवायला हजर होते. रोंडाने गाडीभोवती एक फेरी मारली. आत बसली. मांडीशेजारी सीटवर हात फिरवत राहिली, काहीतरी हरवल्यासारखी.

"जुनी सीट कुठंय, काका?"

"टाकली. पार कामातून गेली होती. हे बघ, दोरासुद्धा तेव्हाच्या नमुन्याचा मागवलाय."

"हो का," ती म्हणाली. मग उतरली आणि माझ्या गालाला गाल लावून म्हणाली, "छान झालीय. खूप कष्ट घेतलेस तू."

मिरवणुकीत ती मार्विनच्या गाडीत बसली. पुढे जेव्हा जेव्हा आली, तेव्हा सरळ घरात आली. रविवारचा फोन चुकत नाही, तब्येत विचारते, बर्फ साफ केला का विचारते. गॅरेजचं नाव काढत नाही.

कलम ६. बक्षिसं. सोनेरी कप तीन, मानाच्या फिती पाच. ते ऑर्व्हिल हच यांना द्यावेत. सोबत माझा निरोप द्यावा की इंजिनामागच्या पत्र्यावरचा रंगाचा ओघळ डाव्या बाजूलाच असायचा, आणि त्यापायी त्यांनी कापलेला अर्धा गुण मी विसरलेलो नाही. माणूस वाईट नाही. त्याला जे दिसतं तेच मलाही दिसत होतं.

याच कलमात फेब्रुवारीतली एक गोष्ट नोंदवतो. ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी रोंडा बेकरीतून पोंच्कींचा, म्हणजे गोड सारण भरलेल्या तळलेल्या पावांचा, खोका घेऊन आली. पहिली पोंच्की मी खाल्ली, हातावरची साखर झटकली आणि धीर करून बोललो.

"रोंडा, मी ती पुन्हा मरून रंगाची करतो. ऑर्व्हिल गेला उडत. सीटला ते भोक होतं ना, तेही करतो."

"भोक कशानं करणार?"

"सिगरेटनं. तसंच होतं ना ते."

"तू कुठं ओढतोस?"

"मार्विन ओढतो."

ती हसली. मग हसायची थांबली. "काका, तू गाडीखाली त्या पिवळ्या खुणा काढल्यास ना, अगदी तेव्हासारख्या? हेही तसलंच होईल. नको."

तिने गॅरेजची किल्ली खिळ्यावरून काढली आणि म्हणाली, "चल, जरा बसू आत. बाबांचं काहीतरी सांग. आई कधी बोलायची नाही. कसे होते ते?"

आम्ही गाडीत बसलो. ती चक्रापाशी, मी शेजारी. मी सुरुवात केली. म्हणालो, "तुझ्या बापाने ही घेतली ना, तेव्हा तीन कार्बोरेटर मिळायचं ते शेवटचं वर्ष होतं." आणि मग मी तासभर कार्बोरेटरबद्दल बोललो. १९६४ पासून १९७४ पर्यंत आलो. माझं मलाच ऐकू येत होतं आणि थांबता येत नव्हतं. रोंडाने सगळं ऐकून घेतलं. चाळीस पोरांची बस चालवणारी बाई आहे, तिला सवय आहे. निघताना म्हणाली, "पुन्हा कधीतरी सांग." काय सांग, ते म्हणाली नाही.

कलम ७. नष्ट मिळकत. खालील वस्तू आज अस्तित्वात नाहीत. त्या नष्ट करणारा मीच. तरी त्यांच्यावर माझा जो काही हक्क उरला आहे, म्हणजे त्या कुठून आल्या एवढी माहिती, ती मी माझी पुतणी रोंडा हिला देत आहे.

(अ) मरून रंग. डेनीला गाडीचा मूळ रंग आवडत नव्हता. १९६६ च्या शेवटी विक्रेत्याच्या अंगणात एवढी एकच उरली होती म्हणून त्याने घेतली. "दवाखान्याच्या न्हाणीघराचा रंग आहे हा," तो म्हणायचा. पुढच्या वसंतात एका मित्राच्या कोठारात त्याने ती रंगवली. सहा वर्षं खपून मी तिला पुन्हा न्हाणीघर केलं, ते त्याला हा रंग आवडत नव्हता हे पक्कं माहीत असताना.

(आ) बॉनेटवर रंगात अडकलेलं चिलट. कोठाराचं दार उघडं राहिलं होतं. डेनीने ते काढू दिलं नाही, म्हणाला, याने आयुष्यात एवढीच चैन केली. रोंडा सहा वर्षांची असताना तिने ते शोधून काढलं होतं.

(इ) उजव्या दाराचा पोचा. तो माझ्या बुटाचा. डेनी वुडवर्डवर शर्यती लावायचा. लग्न ठरलं तेव्हा मी त्याला म्हणालो, "आता तरी विक ती. बायको पोसायची आहे की इंजिन?" तो म्हणाला, "दोघींना भूक सारखीच आहे." मी दाराला लाथ घातली. त्याने पोचा कधी काढून घेतला नाही. लोकांना दाखवायचा, "ही आमच्या लेनीची सही."

(ई) गिअरच्या दांड्यावरची पांढरी चिनी मातीची मूठ. ती आमच्या आईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची. आई गेल्यावर घर रिकामं करताना त्याने तेवढं एक उचललं. मी कुठे टाकली आठवत नाही. खूप शोधली.

(उ) सीटवरचं भोक. १९६८ च्या जानेवारीत भर दुपारी, बर्फ पडत असताना, डेनी माझ्या दारात आला. मागच्या सीटवर त्याची बायको शर्ली कळा देत होती. "लेनी, तू चल, एकट्याला भीती वाटतेय," म्हणाला. त्याला कशाची भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. वाटेत तोंडातली सिगरेट गळून मांडीजवळ सीटवर पडली. मी ओरडलो, "डेनी, पेटतंय." तो म्हणाला, "पेटू दे. दिवा लाल व्हायच्या आत हा चौक काढायचाय." इस्पितळाच्या दारात पोचेस्तोवर त्याने हात खाली नेला नाही. अर्ध्या तासात रोंडा झाली. डेनी नर्सला पँटचं भोक दाखवत सांगत होता, "पोरगी आली, पँट गेली." घरी परतताना त्याने सीटच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाला, "वाढदिवस विसरलो तर इथं बघेन."

पुढे दर जुलैत ती पोर त्याच जागेवर बसून त्याच भोकात बोट घालायची. मी गॅरेजच्या दारातून पाहायचो. ते काय आहे हे मी तिला कधी सांगितलं नाही. बापाचं नाव काढलं तर पोर रडेल, असं मी आयरीनला कारण सांगायचो. रडलो मी असतो. आणि पुढे ब्लेड घेऊन मी ते कापलं, तेव्हा ते काय आहे हे माहीत असलेला जगात मी एकटाच होतो.

कलम ८. मला पुरताना रोंडाला कुणी "काकांना माफ केलंस ना?" असं विचारू नये. ती हो म्हणेल. ती कुणालाही दुखवत नाही, आणि तिला तसं म्हणायला लावायचा हक्क मला नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खाडाखोड आहे तिथेही माझाच हात आहे.

पॉन्टिअ‍ॅक, मिशिगन. दि. १८ नोव्हेंबर २०२४.
सही: लेनर्ड एस. कुबासिक
साक्षीदार: मार्विन टेट, शेजारी
साक्षीदार: बेटी ओल्झेव्स्की, चर्चचं स्वयंपाकघर

पुरवणी

मी, वरील लेनर्ड कुबासिक, तेवढ्याच शुद्धीत असताना, या पुरवणीने कलम सात रद्द करत आहे. त्यातली मिळकत मी हयातीतच हस्तांतरित केली आहे. बाकीची कलमं कायम.

हे सुचवलं मार्विनने. सही करण्याआधी त्याने कागद वाचायला घेतला आणि कलम सातवर थांबला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "लेनी, हे तिनं तू मेल्यावर वाचायचं?"

"मृत्युपत्र असतंच तसं."

"पुढच्या गुरुवारी सणाची टर्की खायला येतेय ना ती? मग?"

गुरुवारी जेवण झाल्यावर मार्विन आत फुटबॉलचा सामना बघत बसला आणि मी रोंडाला गॅरेजमध्ये नेलं, गाडीत बसलो, ती चक्रापाशी, मी शेजारी. तोंडी सांगायला गेलो असतो तर पुन्हा १९६४ ला जाऊन पोचलो असतो, म्हणून कलम सात हातात धरून अ पासून उ पर्यंत वाचून दाखवलं. चिलटाला ती हसली. मुठीला म्हणाली, "ती आजीची होती?" उ वाचताना मी दोनदा ओळ चुकलो. ती थांबून राहिली, मदत केली नाही, ते बरं केलं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हे सीट कापायच्या आधी का नाही सांगितलंस, काका?"

मी कलम सातची घडी घातली, पुन्हा उघडली.

मग तिने विचारलं, "नक्की कुठं होतं ते? दाखव."

मी नव्या रेक्झिनवर बोट ठेवलं.

"अंहं," ती म्हणाली. तिने माझं बोट धरलं, दोन अंगुळं डावीकडे सरकवलं आणि तिथेच दाबून धरलं.

पॉन्टिअ‍ॅक, मिशिगन. दि. २९ नोव्हेंबर २०२४.
सही: लेनर्ड एस. कुबासिक
साक्षीदार: मार्विन टेट
साक्षीदार: बेटी ओल्झेव्स्की